उंच, उतरत्या छताचे घर : वाचकांचे प्रश्न

घरबांधणीविषयीच्या या सदरासाठी गेल्या अंकात आम्ही उतरत्या छपरांच्या घरांबद्दल प्रश्न मागवले होते. नाशिक शहर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही गंगापूर रस्त्याला बंगला बांधत आहोत. दिवाणखाना 14 × 18 फुटांचा आहे. वास्तुविशारदांनी तेथे सपाट स्लॅबऐवजी दोन्ही बाजूंना उतरणारा, कडेला 9 फूट आणि मध्यभागी 13 फूट उंचीचा स्लॅब सुचवला असून त्यामुळे उन्हाळ्यात घर थंड राहील, असे ते म्हणतात. माझ्या सासऱ्यांचे म्हणणे असे की, नाशिकला काही कोकणासारखा पाऊस नाही, मग उतरत्या छपराचा खर्च कशासाठी? दोघांपैकी कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : पावसापुरते आपल्या सासऱ्यांचे म्हणणे बरोबर आहे. नाशिक शहरात वर्षाला सरासरी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तासाभराच्या अंतरावरील इगतपुरीत तो 3000 मिलिमीटरच्या वर जातो. हा फरक जिल्ह्यातील जुन्या घरांतही उमटलेला आहे. इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पश्चिम पट्ट्यात छपरे उभ्या उताराची आणि वळचणी खाली उतरलेल्या दिसतात, तर येवला-मालेगावकडे मातीच्या धाब्यांची घरे बांधली गेली, कारण तेथे पाणी झटकून टाकण्यापेक्षा धान्य वाळवायला आणि उन्हाळ्यात निजायला सपाट जागा मिळणे अधिक सोयीचे होते. नाशिक शहर या दोहोंच्या मध्ये येते. पावसासाठी येथे उतरते छत घेतलेच पाहिजे असे नाही. हवे असल्यास घेण्यासही हरकत नाही.

थंडाव्याचा मुद्दा मात्र नीट तपासून पाहावा लागेल, कारण उंच छत म्हणजे थंड घर हे विधान अर्धेच खरे आहे. आपल्या दिवाणखान्याची सरासरी उंची 11 फूट होईल, म्हणजे खोलीत 2772 घनफूट हवा मावेल. त्याऐवजी 10 फुटांवर सपाट स्लॅब घातला असता, तर 2520 घनफूट मावली असती. हा फरक दहा टक्क्यांचा आहे आणि तेवढ्याने एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याला विशेष काही जाणवणार नाही. उलट 30 अंशांच्या उतारामुळे छताचे क्षेत्रफळ सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढते, म्हणजेच तापणारे काँक्रीटही तेवढेच वाढते. तापलेले छत डोक्यापासून दूर गेल्याचा थोडा फायदा होतो हे खरे. पण गरम हवा वर चढून आढ्याखाली, म्हणजे दोन उतार मिळतात त्या माथ्याखाली, कोंडून राहिली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, तर संध्याकाळपर्यंत तिचा थर खाली खाली उतरत येतो आणि त्यावर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. बाहेर वारा सुटलेला असूनही आत घाम येतो, अशी कित्येक देखणी उंच दालने याच कारणाने तशी झालेली असतात.

म्हणून आपल्या वास्तुविशारदांना एकच प्रश्न विचारावा : आढ्याजवळची गरम हवा कोठून बाहेर जाणार? नकाशात त्याचे उत्तर असेल, तर उतरता स्लॅब जरूर घ्यावा. नसेल, तर सासऱ्यांचे ऐकावे आणि वाचलेले पैसे सपाट स्लॅबवरील उष्णतारोधक थरावर आणि पांढऱ्या परावर्तक लेपावर खर्च करावेत.

ही वाट कशी असावी, तेही सांगतो. आढे पूर्व-पश्चिम धरले, तर दोन्ही टोकांना त्रिकोणी भिंती येतात. पूर्वेकडील त्रिकोणात, आढ्याच्या शक्य तितक्या जवळ, उघडता येणारी झडप किंवा तिरप्या पट्ट्यांचा झरोका ठेवावा. पश्चिमेकडे तो ठेवू नये, कारण आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम आणि नैऋत्येकडून येतो आणि तेवढ्या उंचीवर झड आत आली, तर खिडकी लावायला कोणी वर चढत नाही. झडपेला वरच्या बाजूने बिजागरी, आतून जाळी आणि खालून ओढता येईल अशी दोरी-कप्पी असावी. जाळी विसरल्यास पहिल्याच महिन्यात पारवे मुक्कामाला येतील. वरून हवा जायची, तर खालून ती आत आलीही पाहिजे; त्यासाठी उत्तरेकडील किंवा सावलीतील खिडकी जमिनीपासून दीड-दोन फुटांवर सुरू होणारी असावी. हवा येण्याची जागा आणि जाण्याची जागा यांच्यातील उभे अंतर जितके अधिक, तितका प्रवाह जोराचा होतो. पण तो उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट केली, तर वारा दुप्पट न होता सुमारे 1.4 पट होतो. त्यामुळे छत 13 वरून 16 फुटांवर नेण्यापेक्षा झडप दुपटीने मोठी करणे केव्हाही स्वस्त आणि उपयोगी ठरते.

नाशिकच्या हवामानाची एक मोठी सोय अशी की, उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकला, तरी पहाटेपर्यंत तो बराच खाली येतो. हा गारवा घरात घ्यायचा असेल, तर वरची झडप आणि खालची खिडकी रात्रभर उघडी ठेवावी आणि सकाळी ऊन चढू लागताच खालची खिडकी बंद करून पडदा ओढावा. हे काम रोज करणारे कोणी घरात असेल, तरच या रचनेचा पुरता लाभ मिळतो.

आढे पूर्व-पश्चिम ठेवण्यास आणखी एक कारण आहे. नाशिक सुमारे 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य येथे बरोबर डोक्यावर असतो आणि तेव्हा दोन्ही पाखी, म्हणजे छताच्या उतरत्या बाजू, सारखीच तापतात. परंतु डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 46 अंशांवरच राहतो, त्यामुळे दक्षिणेकडील पाखे हिवाळ्यात ऊब देते आणि उत्तरेकडील पाख्याला ऊन केवळ चाटून जाते. पुढेमागे सौर पॅनेल बसवायची झाली, तर दक्षिणेचे पाखे त्यांच्यासाठी तयारच असेल आणि पॅनेलखाली मोकळी फट ठेवल्यास स्लॅबवर सावलीही पडेल. याउलट आढे उत्तर-दक्षिण ठेवले, तर एक पाखे उन्हाळ्याच्या अख्ख्या दुपारी पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड करून राहते.

दिवाणखान्यात वातानुकूलन यंत्र बसवण्याचा आपला पक्का विचार असेल, तर मात्र वरील बहुतेक मजकूर आपल्या उपयोगाचा नाही. तेव्हा छत सपाट आणि बेताच्या उंचीचेच ठेवावे. वरची झडप उघडी ठेवून गार हवा विकत घेण्यात अर्थ नाही.

प्रश्न : आमच्या उतरत्या छताच्या खोलीत पंख्याचा हुक उताराच्या मध्यावर आला आहे. इलेक्ट्रिशियन नेहमीची एक फुटाची दांडी लावायला निघाला होता, पण मला पाते छताला घासेल अशी भीती वाटते. दांडी किती लांब असावी?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आपली भीती रास्त आहे. 48 इंची पंख्याच्या पात्याचे टोक मध्यापासून 24 इंचांवर फिरते. छताचा उतार 30 अंशांचा धरला, तर तेवढ्या अंतरात छत सुमारे 14 इंच खाली येते, म्हणजे एक फुटाच्या दांडीवर लावलेला पंखा उताराच्या बाजूला छतावर आपटलाच असता. दांडी किमान 2 फुटांची घ्यावी, म्हणजे पात्याचे टोक आणि छत यांच्यात साधारण 10 इंचांची मोकळीक राहील. त्याहून कमी ठेवल्यास पाते घासले नाही, तरी पंख्याला वरून हवा ओढता येत नाही आणि तो नुसता फिरत राहतो. पाती जमिनीपासून 8 ते 9 फुटांवर यावीत, हा दुसरा हिशेब. दांडीच्या वरच्या टोकाला जी प्लास्टिकची वाटी असते, ती उतारावर तिरकी दाबून बसवू नये; दांडी हुकावर मोकळी लोंबली पाहिजे आणि वाटी छतापासून थोडी खाली घट्ट केली पाहिजे, नाही तर पंखा सुरू होताच दांडी एका बाजूला ताणली जाऊन आवाज करू लागते.

हुक अजून बसायचा असता, तर तो आढ्याखाली घ्यावा असे सुचवले असते. तेथे दांडी आणखी लांब लागली असती, पण दोन्ही बाजूंना सारखी जागा मिळाली असती.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या वर, एका बाजूने उतरणाऱ्या छताखाली 10 फूट रुंदीचा पोटमाळा निघतो आहे. कमी बाजूला 5 फूट उंची मिळते. तेथे मुलाची अभ्यासाची आणि झोपण्याची खोली करता येईल का? दहावीचे वर्ष आहे.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : उतार 30 अंशांचा धरला, तर आपल्या पोटमाळ्याची उंच बाजू पावणेअकरा फुटांच्या आसपास आणि सरासरी उंची 8 फुटांच्या किंचित आत येते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीची उंची किमान 2.75 मीटर, म्हणजे 9 फूट असावी लागते आणि उतरत्या छपराखाली ती सरासरीने मोजली जाते. त्यामुळे मंजुरीच्या नकाशात ही जागा राहण्याची खोली म्हणून दाखवता येणार नाही. नंतर कागदावर न दाखवता तेथे खोली करण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तो मानू नये. भिंत आणखी सव्वा फूट उचलण्याची सोय अजून असेल, तर वास्तुविशारदांकडून महापालिकेच्या नगररचना विभागात विचारणा करून घ्यावी.

नियम क्षणभर बाजूला ठेवला, तरी ही जागा अभ्यासाला मला पसंत नाही. घरातली सर्वांत गरम हवा वर चढून तेथेच जमणार, आणि खाली स्वयंपाकघर असल्याने फोडणीचा वास आणि वाफ यांचाही मुक्काम तेथेच राहणार. सामान ठेवण्यासाठी मात्र अशा जागेसारखी दुसरी सोय नाही. कमी बाजूने आत साधारण अडीच फुटांपर्यंत माणसाला ताठ उभे राहता येत नाही. त्या पट्ट्यात जमिनीलगत सरकत्या दारांची कपाटे करावीत. गाद्या, दिवाळीचे आकाशकंदील, पाहुण्यांची पांघरुणे सगळे त्यात जाते. उंच बाजूच्या भिंतीत आढ्याखाली खिडकी अवश्य ठेवावी, त्यामुळे खालच्या स्वयंपाकघरातही हवा खेळेल.

प्रश्न : आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर असून छत साडेनऊ फुटांवर आहे. जिप्समचे उतरते खोटे छत करून बंगल्यासारखा भास निर्माण करता येईल का?
— एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : करता येईल, पण करू नये. साडेनऊ फुटांत उतार दाखवायचा, तर कडेची उंची साडेसात फुटांवर आणावी लागेल, खिडकीच्या चौकटीचा वरचा भाग झाकला जाईल आणि पंखा कोठे लावावा हा प्रश्न उरेल तो वेगळाच. आहे ती उंची मोकळी ठेवून भिंतीचा आणि छताचा रंग एकच द्यावा. खोली आहे त्यापेक्षा उंच वाटते आणि खर्च रंगाच्या डब्याएवढा होतो.

प्रश्न : जुन्या नाशकात आमचा वाडा आहे. माडीवर मंगलोरी कौलांचे दुपाखी छप्पर असून खाली छत नाही, त्यामुळे धूळ पडते, उंदीर फिरतात आणि उन्हाळ्यात माडीवर बसवत नाही. वाशांखाली पीओपीचे सपाट छत करून घ्यावे, असा घरातल्या तरुण मंडळींचा आग्रह आहे. आईला ते मान्य नाही.
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : आपल्या मातोश्रींना मान्य नसण्याचे कारण पत्रात लिहिलेले नाही, पण त्यांचा निर्णय योग्य आहे. कौलारू छपराला श्वास लागतो. कौलांच्या सांध्यांतून हवा सतत आतबाहेर होत असते आणि त्यामुळेच पावसाळ्यात ओलसर झालेले वासे आणि कौले अडकवण्याच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा सुकतात. खाली पीओपी लावून ही पोकळी बंद केली, तर ओल आत कोंडते, वाळवी लागते आणि एखादे कौल फुटून पाणी आले, तरी डाग खाली दिसेपर्यंत वासा नासलेला असतो. शिवाय उंदरांना पीओपीच्या वर निर्धास्त फिरायला जागा मिळते, ती वेगळी.

माडी राहण्याजोगी करायची असेल, तर क्रम असा ठेवावा. आधी लाकूड तपासावे. वाशाचे जे टोक भिंतीत शिरलेले असते, तेथे पेचकसाचे टोक दाबून पाहावे. निरोगी सागवानात ते जेमतेम रुततेही नाही, नासलेल्या लाकडात मात्र इंचभर आत जाते. बोटांच्या पेरांनी वासा वाजवून पाहिल्यावर पोकळ आवाज आला, तर वरून चांगल्या दिसणाऱ्या लाकडाच्या आत वाळवी आहे असे समजावे. तेवढे वासे बदलून घ्यावेत, उरलेल्यांना वाळवीनाशक द्यावे.

मग शाकारणी, म्हणजे कौले काढून, फुटकी बदलून पुन्हा नीट बसवण्याचे काम, करावी आणि ती मेअखेर उरकावी. दर 100 चौरस फुटांना साधारण 140 मंगलोरी कौले लागतात. फुटलेल्या कौलांच्या जागी जुनी कौले आणायची असतील, तर घरातले एक शाबूत कौल उलटे करून त्यावरचा कारखान्याचा ठसा पाहावा आणि त्याच ठशाची कौले शोधावीत. ही यंत्राने दाबलेली कौले मंगळुरात बनू लागली ती बासेल मिशनच्या 1865 सालच्या कारखान्यापासून. पुढे अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या खाचा किंचित निराळ्या राहिल्या. दोन ठशांची कौले शेजारी बसवली, की सांधा नीट बसत नाही आणि पाणी नेमके तेथूनच येते. याच वेळी उत्तरेकडील पाख्यावर दोन-तीन काचेची कौले बसवून घ्यावीत. माडीवर दिवसा दिवा लावावा लागणार नाही आणि उत्तरेकडचा उजेड बहुतांश वर्षभर डोळ्यांवर येत नाही.

छत सर्वांत शेवटी. ते सपाट न करता वाशांच्या खालच्या अंगाने, उताराला समांतर लाकडी पट्ट्यांचे किंवा सिमेंट बोर्डाचे करावे. कौले आणि छत यांच्यात वाशाच्या जाडीएवढी पोकळी आपोआप राहते. ती वळचणीशी आणि आढ्याशी बंद न करता बारीक जाळी लावून उघडी ठेवावी. तापलेल्या कौलांची उष्णता त्या पोकळीतून वर निघून जाते, धूळ खाली पडत नाही आणि जाळीमुळे उंदरांची वाट बंद होते. काही पट्ट्या स्क्रूने काढता-घालता येतील अशा ठेवाव्यात, म्हणजे दरवर्षी जून लागण्यापूर्वी आत डोकावता येईल. माडीची उंचीही कायम राहील, जी आज त्या वाड्यातली सर्वांत मौल्यवान गोष्ट आहे असे मला वाटते.

प्रश्न : त्र्यंबक रस्त्यावरील आमच्या शेतघराला उतरता स्लॅब असून वर सिमेंटमध्ये कौले चिकटवली आहेत. बांधून दोनच पावसाळे झाले आणि दोन्ही वेळा छत गळले. उतारावर पाणी थांबत नाही, मग गळते कसे? ठेकेदार कौले बदलून देतो म्हणतो.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : कौले बदलून काही होणार नाही. आपल्या छताला पाणी अडवण्याचे काम स्लॅबने करायचे आहे, कौले केवळ वरची सजावट आहेत.

उतरत्या स्लॅबचे काँक्रीट ओतणे अवघड काम असते. मिश्रण पातळ असेल, तर ते उतारावरून खाली घसरते. घसरू नये म्हणून गवंडी व्हायब्रेटर बेताने चालवतात किंवा चालवतच नाहीत आणि काँक्रीट आतून सच्छिद्र राहते. उतार तीव्र असल्यास वरच्या बाजूनेही फळ्या ठोकून काँक्रीट दोन फळ्यांच्या मध्ये भरावे लागते, पण तो खर्च सहसा टाळला जातो. त्यात पाणी मारून क्युरिंग करणेही उतारावर कठीण, कारण पाणी ठरत नाही. तेथे ओली पोती अंथरून ती सतत भिजती ठेवावी लागतात. आपल्या स्लॅबमध्ये यांपैकी काय राहून गेले, हे आता वरून दिसणार नाही.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही असे आपण म्हणतो खरे, पण त्र्यंबकच्या बाजूच्या वाऱ्यात ते जाते. पश्चिमेकडून जोराची झड आली, की पाणी कौलांच्या सांध्यांखालून उताराच्या उलट दिशेने वर ढकलले जाते आणि खालच्या सिमेंटमध्ये मुरते. एकदा आत शिरलेले पाणी कौलाखालून वाहत कोठेतरी खाली जाऊन स्लॅबच्या सच्छिद्र जागेतून टपकते. त्यामुळे खोलीत जेथे थेंब पडतो, त्याच्या बरोबर वर दोष असतोच असे नाही. तो बहुधा उताराच्या वरच्या बाजूला असतो.

तो शोधण्याची रीत अशी. सपाट स्लॅबवर आपण पाणी साठवून पाहतो, ते येथे शक्य नाही. कोरड्या दिवशी रबरी नळीने आधी फक्त वळचणीजवळच्या पट्ट्यावर वीस मिनिटे पाणी सोडावे आणि एकाने आत उभे राहून छताकडे पाहावे. ओल दिसली नाही, तर त्याच्या वरच्या पट्ट्यावर जावे आणि असे करत आढ्यापर्यंत पोहोचावे. सुरुवात वरून करू नये. केली, तर पाणी सगळीकडून वाहते आणि गळती कोठली ते कळत नाही. दोन पाखी जेथे आतल्या कोनात मिळतात ती पन्हळ, आढ्याचा सांधा आणि पाण्याच्या टाकीचा खांब जेथे स्लॅबमधून वर आला आहे ती जागा, या तीन ठिकाणी अधिक वेळ द्यावा.

दोष सापडला, की त्या पट्ट्यातील आणि त्याच्या वरच्या हातभर भागातील कौले उचकटून, स्लॅब घासून, भेगा भरून जलरोधक लेपाचे दोन हात द्यावेत. पन्हळीत लेपाच्या दोन थरांमध्ये फायबरची जाळी घालावी. कौले पुन्हा सिमेंटमध्ये चिकटवू नयेत. स्लॅबवर उभ्या-आडव्या रिपा बसवून त्यांवर ती अडकवावीत, म्हणजे आत शिरलेले पाणी मधल्या पोकळीतून वळचणीला उतरेल आणि उन्हाळ्यात स्लॅबही कमी तापेल. रिपांचे खिळे लेपातून जाणार असल्याने प्रत्येक खिळ्याभोवती सीलंट भरून घ्यावे. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणून आपण स्वतः उभे राहून करून घ्यावे. शेतघराकडे माकडांच्या टोळ्या येत असतील, तर वळचणीच्या पहिल्या दोन ओळींतील कौले तांब्याच्या तारेने रिपांना बांधावीत. ठेकेदाराचे शेवटचे देणे अजून बाकी असेल, तर नळीची चाचणी दुसऱ्यांदा उत्तीर्ण होईपर्यंत ते देऊ नये.